चिरा केव्हा द्यावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लहानपणी मे महिना आला की आंबे यायचे आणि आंब्यांच्या मागोमाग करटे यायची. आंब्याने करट होते, हा समज घराघरांत पक्का होता. खरे म्हणजे दोष आंब्याचा नसे. घाम, धूळ, खाजवलेली कातडी आणि एकाच पंचाने अंग पुसणारी दहा मुले, यांचा तो दोष. पण हे तेव्हा कोण सांगणार? मानेवर, मांडीवर, गुडघ्यामागे कुणाला ना कुणाला करट उठलेले असायचेच. मग आजी कणकेत हळद आणि तेल घालून पोटीस शिजवायची आणि सोसेल इतके गरम करून बांधायची. रोज सकाळी पोटीस सोडले की ती दोन हातांची दोन बोटे करटाच्या दोन बाजूंना ठेवायची. एका बोटाने हलके दाबायचे, दुसऱ्याने जोखायचे. मग निकाल द्यायची, "अजून कच्चं आहे. हात लावू नका." आणि तीन-चार दिवसांनी एका सकाळी म्हणायची, "पिकलं. आता ठेवण्यात अर्थ नाही."

पुढे मी सर्जन झालो. चाळीस वर्षांत किती गळवे फोडली याची मोजदाद ठेवली नाही. आजीची ती दोन बोटांची परीक्षा मला वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी पुस्तकात पुन्हा भेटली, आणि नंतर सुश्रुतसंहितेतही भेटली. गळू फोडणे हे शस्त्रक्रियेतले फार जुने काम, आणि तितकेच क्षुल्लक समजले जाणारे. ते नेहमी सगळ्यांत शिकाऊ डॉक्टरच्या वाट्याला येते. पण याच कामात माणूस हजारो वर्षे दोन चुका करत आला आहे. गळू कच्चे असताना चिरणे ही एक, आणि पिकल्यावरही थांबून राहणे ही दुसरी. त्यांतली दुसरी चूक माझ्याही हातून झाली. ती सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला. पण आधी थोडा इतिहास सांगतो, म्हणजे ती चूक किती जुनी आहे ते लक्षात येईल.

गळू म्हणजे शरीरात एका जागी कोंडलेला पू. कातडीला बारीकशी जखम होते, केसाच्या मुळाशी घाण साचते, दात किडतो, बाळ अंगावर पिताना स्तनाग्राला चीर पडते, किंवा सुई नीट स्वच्छ नसते. तेवढ्या वाटेने जंतू आत जातात. त्यांच्याशी झुंजायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. या लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेले मांस यांचा रांधा म्हणजे पू. शरीर त्याच्याभोवती भिंत उभारते. ती भिंत बाकीच्या शरीराला वाचवते, पण त्याच भिंतीमुळे आतला पू कोंडला जातो आणि ठणका सुरू होतो.

आपल्या भाषेत या एकाच रोगाला जागेप्रमाणे किती नावे आहेत पाहा. केसाच्या मुळाशी झाले तर केसतोड, पापणीवर झाले तर रांजणवाडी, काखेत झाले तर काखमांजरी, नखाच्या कडेला झाले तर नखुरडे. मधुमेह्याच्या मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचे मोठे गळू होते, ती काळपुळी. ही सारी बाहेरची, डोळ्यांना दिसणारी. आत यकृतात, फुफ्फुसात, आंत्रपुच्छाभोवती, अगदी मेंदूतसुद्धा गळू होते. त्यांना घरगुती नावे नाहीत, कारण ती घरच्यांना दिसलीच नाहीत.

सुश्रुताला मात्र आतल्या गळवांचीही कल्पना होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या संहितेत गळवाला 'विद्रधी' म्हटले आहे आणि त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. यकृत, प्लीहा, वृक्क, बस्ती अशा आतल्या जागाही दिल्या आहेत. पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो सूत्रस्थानाचा सतरावा अध्याय. त्यात सूज पिकण्याच्या तीन पायऱ्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. पिकत असताना रोग्याला सुया टोचल्यासारखे, विंचू डसल्यासारखे होते, बसून किंवा निजून कशानेच बरे वाटत नाही. पिकल्यावर वेदना उतरते, कातडीला सुरकुत्या पडतात, खाज सुटते. आणि एका बाजूने दाबले की आतला पू पखालीतल्या पाण्यासारखा दुसऱ्या बाजूला सरकतो. आजीची दोन बोटे ती हीच!

सुश्रुत एवढ्यावर थांबत नाही. जो वैद्य अज्ञानाने कच्चे गळू चिरतो आणि जो पिकलेल्याची हयगय करतो, त्या दोघांना तो एकाच पंक्तीला बसवतो आणि त्या काळातल्या फार कठोर शब्दांत धिक्कारतो. त्या शब्दांमागची समाजदृष्टी आज आपल्याला मान्य होणार नाही, पण दोन्ही चुका सारख्याच वजनाच्या आहेत हे त्याचे म्हणणे आजही खरे आहे. कच्चे चिरले तर पू निघत नाही, रक्त मात्र जाते आणि धडधाकट मांसात जंतू पसरतात. पिकलेले ठेवले तर पू खोल खोल वाट काढतो आणि स्नायू, शिरा नासवतो. शिष्यांचा हात बसावा म्हणून सुश्रुत त्यांना आधी चिखल-पाण्याने भरलेल्या कातडी पिशव्यांवर चिरा देण्याचा सराव करायला सांगतो. आणि एक इशाराही देतो. गळू फार खोल असेल तर पिकल्याची सगळी लक्षणे वर दिसत नाहीत, आणि वैद्य पिकलेल्यालाच कच्चे समजून फसतो. हा इशारा कृपया लक्षात ठेवा. पुढे तो मला लागणार आहे.

युरोपातही हाच प्रश्न होता. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने दाहाची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. ती आजही वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. पुढे मात्र तिकडे एक विचित्र समज रुजला. घट्ट, पांढरा, फारसा वास नसलेला पू हा 'चांगला पू' आणि तो येणे हे जखम भरण्याचे लक्षण, असे शतकानुशतके मानले गेले. याला थोडा आधार होता. पातळ, घाण वासाचा स्राव आलेला रोगी बहुधा दगावे, आणि घट्ट पू आलेला बहुधा वाचे. पण म्हणून जखमेत मुद्दाम पू आणायचे प्रयत्न होऊ लागले! तेराव्या शतकात इटलीतल्या थिओडोरिक नावाच्या शल्यवैद्याने ठणकावून सांगितले, की जखम भरायला पू लागत नाही. त्याचे फारसे कुणी ऐकले नाही.

ही समजूत मोडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८६७ साली ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून जखमा जंतुरहित ठेवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्या पहिल्या लेखाच्या नावातच मोडलेल्या हाडाच्या जोडीला गळवाचाही उल्लेख आहे. चारच वर्षांनी त्याची परीक्षा पाहणारा रोगी आला, आणि तो रोगी म्हणजे साक्षात व्हिक्टोरिया राणी. स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्यात मुक्काम असताना राणीच्या काखेत मोठे गळू झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर राणीला काखमांजरी झाली! ४ सप्टेंबर १८७१ रोजी लिस्टरने तिथेच ते चिरले. कार्बोलिकचा फवारा मारायचे काम राजवैद्य जेनर यांच्याकडे होते आणि त्यांच्या हातून तो राणीच्या तोंडावर उडाला, अशी आठवण सांगतात. पण खरी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दिवशी पाहिले तर वरची जखम मिटू पाहत होती आणि आत पू तुंबत होता. लिस्टरने फवारायंत्राची रबरी नळी कापली, ती रात्रभर कार्बोलिकमध्ये भिजवली आणि गळवात बसवली. पू वाहून गेला, राणी बरी झाली. अशी नळी फ्रान्सच्या शासेन्याकने आधीच वापरली होती, पण राणीच्या काखेत बसल्यावर तिची प्रतिष्ठा वाढली. चिरा देणे हे अर्धे काम आणि चिरा उघडा ठेवणे हे उरलेले अर्धे. आजही आम्ही गळवात औषधी पट्टीची वात भरतो ती यासाठीच. रोगी विचारतात, "डॉक्टर, टाके का नाही घातले?" टाके घातले तर पू पुन्हा कोंडेल, हे त्याचे उत्तर.

पण पू होतो कशाने? हे स्कॉटलंडमधल्याच अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या सर्जनने शोधले. त्याने गळवांचा पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला गोल गोल जंतूंचे घोस दिसले, अगदी द्राक्षांच्या घडासारखे. १८८० साली त्याने हे जाहीर केले आणि पुढे ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडाच्या शब्दावरून जंतूचे नाव ठेवले, स्टॅफिलोकॉकस. करटापासून काळपुळीपर्यंत बहुतेक बाहेरच्या गळवांचा करता हाच. ऑग्स्टनला आणखी एक गोष्ट दिसली. काही गळवे गार असतात. ती ठणकत नाहीत, लाल होत नाहीत, नुसतीच वाढतात. त्यांच्या पुवात हे घोस नव्हते. त्याचा उलगडा १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्यावर झाला. ती क्षयाची गळवे होती. आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा पू जांघेपर्यंत उतरलेला आम्ही पाहिला आहे. असे गळू करटासारखे उघडे चिरून ठेवले तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. तिथे मुख्य उपाय क्षयाची औषधे, आणि लागलाच तर सुईने पू काढणे.

म्हणजे केव्हा चिरायचे याच्या आधी गळू कोणत्या जातीचे, हे विचारायला हवे. याचे दुसरे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. आमांशाचा अमीबा आतड्यातून यकृतात जातो आणि तिथे गळू करतो. त्यातला पू चॉकलेटी रंगाचा असतो. पूर्वी पोट उघडून तो काढत, आणि पुष्कळ रोगी बाहेरचे जंतू आत जाऊन दगावत. १९१२ साली कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटिनची इंजेक्शने देऊन हा रोग आटोक्यात आणता येतो हे दाखवले. पुढे १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले, आणि यकृताच्या अशा बहुतेक गळवांना सुरी लागेनाशी झाली.

आता थांबण्याच्या चुकीकडे वळू. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हायचा होता. जगभरचे पाहुणे लंडनला जमले होते. आपले छत्रपती शाहू महाराजही त्यासाठी इंग्लंडला गेले होते. आणि राजाच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छाभोवती गळू झाले होते. राजा म्हणे, काही झाले तरी मी समारंभाला जाणारच. सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांनी त्याला सांगितले, की मग तुमचे प्रेत जाईल. २४ जूनला राजवाड्यातच त्यांनी गळू उघडले. राजा वाचला आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा प्रसिद्ध जाहीरनामा २६ जुलै १९०२ ला कोल्हापुरात निघाला, तेव्हा महाराज इंग्लंडमध्येच होते. त्या उन्हाळ्याची आपल्याकडची आठवण ही.

या ट्रीव्ह्‌ज यांची दुसरी बाजू फार करुण आहे. आंत्रपुच्छाच्या दाहात घाईने चिरू नये, थांबून पाहावे, या मताचे ते मोठे पुरस्कर्ते होते. १९०० साली त्यांची स्वतःची तरुण मुलगी याच रोगाने गेली. राजाला इतके रोखठोक सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

मग पेनिसिलीन आले. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या इस्पितळात अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या ४३ वर्षांच्या पोलिसाला ते टोचले गेले. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर गळवेच गळवे झाली होती, एक डोळा काढावा लागला होता. औषधाने तो चार-पाच दिवसांत सुधारला, जेवू लागला. पण औषधच इतके थोडे होते, की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन गाळून त्यालाच परत द्यावे लागे. शेवटी तेही संपले आणि १५ मार्चला तो गेला. पुढे पेनिसिलीन मुबलक झाले आणि सगळ्यांना वाटले, आता सुरीचे काम संपले.

तेच मलाही वाटले. नुकताच डॉक्टर होऊन मी एका जिल्ह्याच्या गावी इस्पितळात लागलो होतो. एक वीस-बावीस वर्षांची बाळंतीण आली. बाळ तीन आठवड्यांचे होते. उजव्या स्तनाला सूज, अंगात ताप. मी प्रतिजैविक सुरू केले. ताप उतरला, सूज टणकच राहिली. मी रोज दोन बोटे ठेवून पाहत होतो. पू सरकताना लागत नव्हता. म्हणून मी थांबलो, आणि औषध बदलले. तिची सासू रोज विचारायची, "डॉक्टरसाहेब, आत नासत तर नाही ना?" मी म्हणायचो, "आजी, अजून पिकलेलं नाही. औषध चालू आहे ना!" आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी आमचे मोठे सर्जन रजेवरून आले. त्यांनी हात लावला, काही न बोलता जाड सुईची पिचकारी मागवली आणि आत घातली. पिचकारी पुवाने भरली. त्याच दुपारी चिरा दिला. आतला बराचसा भाग नासून गेला होता.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "बोटांना लागलं नाही म्हणून पू नाही, असं कुठं लिहिलंय? तुमच्या सुश्रुतानंसुद्धा खोलातल्या गळवाचं वेगळं सांगितलंय." मी तो अध्याय त्या रात्री पहिल्यांदा वाचला. ती बाई वाचली. पण ते आठ दिवस बाळ वरच्या दुधावर होते, त्याला हगवण लागली आणि तेही आमच्याच इस्पितळात दाखल झाले. तेही वाचले. दोन वर्षांनी ती दुसऱ्या बाळाला घेऊन आली तेव्हा म्हणाली, "याला एकाच बाजूनं पाजते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळे ते मला जास्त लागले.

माझी चूक नेमकी काय होती? औषध रक्तातून जाते, आणि पुवात रक्त जात नाही. शरीराने उभारलेली भिंत औषधालाही अडवते. शिवाय पुवातले जंतू अर्धवट झोपलेले असतात, आणि बरीच प्रतिजैविके वाढत्या जंतूंनाच मारतात. औषधाने ताप उतरतो, भोवतालचा दाह थांबतो. वरून सगळे शांत दिसते, आणि आत गळू मात्र तसेच राहते. शिवाय जंतूंनीही औषधाशी जुळवून घेतले. पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस काही वर्षांतच वाढले. त्यांच्यासाठी काढलेल्या मेथिसिलीनलाही दाद न देणारे १९६१ साली इंग्लंडमध्ये सापडले.

आज पोटातले, स्तनातले, यकृतातले गळू सोनोग्राफीत दिसते. सुईने पू काढता येतो, आणि स्तनातल्या बहुतेक गळवांना आता मोठा चिराही लागत नाही. आईने अंगावर पाजणे सहसा थांबवायचे नसते, हेही आज आम्ही सांगतो. २०१६ साली अमेरिकेत बाराशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची कातडीवरची गळवे फोडली. निम्म्यांना प्रतिजैविक दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. औषधवाल्यांपैकी सुमारे ८० टक्के बरे झाले आणि नुसता पू काढलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के. औषधाचा उपयोग आहेच, पण बरे होण्याचा मोठा वाटा पुवाला वाट मिळण्याचा आहे.

जाता जाता चार गोष्टी सांगतो. नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे फोड कधीही पिळू नका. तिथल्या शिरांतून जंतू मेंदूकडे जाऊ शकतात. पुन्हा पुन्हा करटे होत असतील तर रक्तातली साखर तपासा. प्रमेह आणि फोड यांचे नाते सुश्रुतालाही माहीत होते, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. थंडी वाजून ताप येत असेल, लाली पसरत असेल, गुदद्वाराजवळ ठणका असेल, तर पोटिसावर वेळ काढू नका. आणि गोळ्या घेऊनही दोन-तीन दिवसांत सूज हटत नसेल तर तिसरी गोळी मागण्याऐवजी डॉक्टरांना एवढेच विचारा, "आत पू आहे का, हे एकदा पाहाल का?"

माझ्या त्या पेशंटच्या सासूने हाच प्रश्न मला आठ दिवस विचारला होता. माझ्या आजीने तो रोज सकाळी करटाला विचारला. मी मात्र औषधाची बाटली बदलत बसलो.